भिंतीवरची व्हिनाइल अक्षरं आणि चित्रं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही ही अक्षरं कापून देतो. दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या शाळा, ग्रामपंचायती, दवाखाने, होमस्टे आणि घरांतून आम्हाला जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सगळे घरातल्या, रंगवलेल्या भिंतींबद्दल आहेत. बाहेरच्या पाट्या आणि गाड्या यात नाहीत. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण निम्मी उत्तरं तिच्यातच आहेत: व्हिनाइल चिकटतं ते भिंतीवरच्या रंगाला. रंगाने भिंत जेवढी धरली असेल, तेवढीच अक्षरं टिकतात.

१. तुम्ही व्हिनाइल म्हणता ते म्हणजे आमचं रेडियमच ना?

हो, तेच. आपल्याकडे नंबरप्लेटपासून दुकानाच्या काचेपर्यंत सगळ्याला रेडियम म्हणतात, आणि दुकानात तसं मागितलंत तरी चालतं. रात्री दिव्यात चमकणारा रिफ्लेक्टिव्ह रोल मात्र वेगळा. भिंतीसाठी लागतं ते साधं रंगीत व्हिनाइल: पीव्हीसीची पातळ फिल्म, तिच्या मागे गोंद, आणि गोंदाखाली सिलिकॉन लावलेला गुळगुळीत कागद. प्लॉटर म्हणजे कॉम्प्युटरवरून अक्षरं कापणारं यंत्र. त्याचं पातं फिल्म कापतं, कागद अख्खा ठेवतं. अक्षरांभोवतीचा नको असलेला भाग सोलून काढला की कागदावर अक्षरं तेवढी उरतात. म्हणून स्टिकरसारखी मागची पट्टी दिसत नाही, तुमच्या भिंतीचाच रंग दिसतो.

२. पेंटरकडून लिहून घेण्यापेक्षा हे बरं का?

गावात चांगल्या हाताचा पेंटर असेल आणि मजकूर वर्षानुवर्षं बदलणार नसेल, तर त्याच्याकडूनच लिहून घ्या, असं आम्ही सांगतो. चुन्याच्या भिंतीवर तर पेंटरच (प्रश्न ४). मजकूर बदलता असेल, बारीक असेल, लोगो हुबेहूब हवा असेल किंवा दवाखान्यासारख्या ठिकाणी रंगाचा वास नको असेल, तिथे व्हिनाइल सोयीचं.

३. गाडीवर लावतात तोच रोल घरात चालेल का?

चिकटेल, पण लावू नका. गाडीच्या आणि पाटीच्या रोलचा गोंद कायमचा असतो. काढायची वेळ आली की तो रंगाचा थर, कधी कधी पुट्टीसुद्धा, सोबत घेऊन येतो. शिवाय तो बहुधा चकचकीत असतो. भिंत हाताने घासलेली असते, तिच्यात बारीक लाटा असतातच. ट्यूबलाइटच्या उजेडात चकचकीत अक्षर त्या सगळ्या लाटा दाखवतं.

भिंतीसाठी मॅट आणि काढता येणाऱ्या गोंदाचा रोल मागा. बाजारात मिळणाऱ्यांपैकी ओराकल ६३१ हा त्या जातीचा; ६५१ हा कायमच्या गोंदाचा, पाट्यांसाठीचा. दुकानदाराकडे दुसऱ्या कंपनीचा असेल तरी हेच दोन शब्द विचारा: मॅट, रिमूव्हेबल. काढता येणारा म्हणजे कधीही सहज निघेल असं मात्र समजू नका. वर्षं जातात तशी त्याचीही पकड वाढते.

४. आमच्या भिंतीला कुठला रंग आहे ते कसं ओळखायचं? आणि कशावर काय टिकतं?

कोरडा तळहात भिंतीवर जोरात घासा. हाताला पांढरी भुकटी लागली तर चुना किंवा साधं डिस्टेंपर. ओलं बोट दहा-बारा वेळा घासून रंग बोटाला आला तरी डिस्टेंपरच. या भिंतींवर व्हिनाइल लावणं म्हणजे पिठावर चिकटपट्टी लावण्यासारखं आहे. गोंदाला भुकटी चिकटते, भिंत लागतच नाही.

हाताला काही लागलं नाही, पृष्ठभाग किंचित रबरासारखा वाटला, तर इमल्शन. लोक त्यालाच प्लास्टिक पेंट म्हणतात. व्हिनाइलसाठी हीच खरी भिंत. हलकी चमक असलेलं इमल्शन अगदी मॅटपेक्षा जास्त चांगलं धरतं, कारण ते गुळगुळीत असतं आणि गोंदाला जास्त जागा मिळते. ऑइल पेंटवर सगळ्यात घट्ट बसतं; जुन्या शाळांत आणि दवाखान्यांत खालच्या चार फुटांना तो असतो.

फसवणारा प्रकार एकच: डाग न धरणारे, धुता येणारे महाग रंग. यात टेफ्लॉन किंवा तसंच काही घातलेलं असतं. भिंत उत्तम दिसते, हात स्वच्छ राहतो, आणि अक्षरं दुसऱ्या दिवशी खाली. पाण्याचा थेंब शिंपडून पाहा. थेंब मोत्यासारखा गोल राहून घरंगळला, तर आधी नमुना लावल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.

नमुना म्हणजे त्याच रोलचं दोन-तीन इंची एक अक्षर. आम्ही ते मागेल त्याला आधी पाठवतो. नेमक्या त्याच भिंतीवर लावा, उन्हाळ्यात दोन दिवस आणि पावसाळ्यात आठ दिवस ठेवा. मग कोपरा उचलून हळू ओढा. नीट धरून बसलं असेल आणि ओढल्यावर रंग न घेता सुटलं, तर भिंत पास.

५. भिंत रंगवल्यावर किती दिवसांनी लावायचं? आमच्याकडे गणपतीच्या आधी रंग काढतात आणि चतुर्थीपर्यंत सगळं हवं असतं.

हा प्रश्न दर श्रावणात सगळ्यात जास्त येतो, आणि याचंच उत्तर कुणाला आवडत नाही.

रंग हाताला कोरडा लागणं वेगळं आणि पक्का होणं वेगळं. इमल्शनमधलं पाणी काही तासांत उडतं, पण रंगाचे कण एकमेकांत मुरावेत म्हणून घातलेली द्रव्यं पुढे कितीतरी दिवस हळूहळू बाहेर पडत राहतात. त्यांच्यावर प्लास्टिकची फिल्म बसवली की ती गोंदात अडकतात. गोंद ढिला होतो, बुडबुडे येतात आणि कच्चा रंग पुढे कधी काढाल तेव्हा अक्षरासोबत सालासारखा निघतो. कोरड्या दिवसांत तीन ते चार आठवडे थांबा. पावसात हवा आधीच पाण्याने भरलेली असते, भिंतीतलं बाहेर यायला जागाच नसते. तेव्हा सहा आठवडे धरा, आणि त्यानंतरही नमुना लावून पाहा.

आमच्या हातून ही चूक झालेली आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका शाळेने जुलैमध्ये रंग काढून घेतला आणि आम्ही आठव्या दिवशी बाराखडी आणि पाढे लावले. दहा दिवसांनी मुलं गळलेली अक्षरं गोळा करून बाईंना नेऊन देत होती. जानेवारीत आम्ही तीच भिंत स्वखर्चाने पुन्हा केली. ती अक्षरं अजून जागेवर आहेत.

गणपतीसाठी उपाय आहे. नाव, मंत्र, आरास जे काही हवं ते सनबोर्डवर (फोमच्या हलक्या, कडक बोर्डवर) लावून घ्या आणि मखराच्या मागे टांगा. सनबोर्डला पक्कं व्हायला वेळ लागत नाही, भिंतीला हात लागत नाही, आणि विसर्जनानंतर माळ्यावर ठेवला की पुढच्या वर्षी चाकरमानी यायच्या आधी तयार.

६. मग पावसाळ्यात लावूच नये का?

जुन्या, पक्क्या इमल्शनच्या आणि आतल्या भिंतीवर लावता येतं. दोन खोल्यांमधली भिंत चालते, पावसाकडे तोंड असलेली नाही. आदल्या रात्रीपासून खिडक्या बंद ठेवून पंखा चालू ठेवा.

पावसाळ्यातली खरी अडचण कागदाची आहे. व्हिनाइलच्या मागचा कागद आणि वरची कागदी ॲप्लिकेशन टेप (अक्षरं एकत्र धरून भिंतीवर नेणारी) दोन्ही हवेतलं पाणी पितात आणि फुगतात, फिल्म फुगत नाही. मग फिल्म कागदापासून बोगद्यासारखी उचलली जाते आणि अक्षरं वाकडी होतात. म्हणून आम्ही जून ते सप्टेंबर माल प्लास्टिकमध्ये सील करून पाठवतो. पिशवी लावायच्या वेळीच उघडा, आणि माल आठवडाभर पडवीत ठेवू नका.

तारीख तुमच्या हातात असेल तर डिसेंबर ते मेचा पहिला पंधरवडा. शिमग्याच्या आसपास भिंती सगळ्यात कोरड्या असतात.

७. भिंतीला ओल येते, खालच्या बाजूला लोणा आहे. अक्षरांनी ते झाकलं जाईल का?

झाकलं जाणार नाही, वाढेल. भिंतीतला जांभा दगड सच्छिद्र असतो. पायातलं पाणी तो वर खेचतो, आणि झडीच्या बाजूची भिंत बाहेरूनही भिजते. ते पाणी आतल्या बाजूने उडून जातं, सोबत आणलेले क्षार पृष्ठभागावर पांढरे सोडून. तोच लोणा. भिंतीला श्वास घ्यायची तेवढी एकच वाट असते आणि पीव्हीसी ती बंद करतं. मोठ्या चित्राच्या मागे पाणी साचतं, रंगाला फोड येतात, काळी बुरशी धरते, आणि एक दिवस चित्र, रंग, पुट्टी असा सगळा पापुद्रा एकदम खाली येतो.

ओल आतून येते की हवेतली आहे हे ओळखायला फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर बंद करा आणि एक दिवस-रात्र ठेवा. थेंब प्लास्टिकच्या आतल्या बाजूला आले तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला आले तर खोलीतली दमट हवा आहे, आणि तिचा बंदोबस्त पंख्याने होतो.

ओलीची भिंत टाळणं हाच उपाय. तीच भिंत हवी असेल, तर ओल चढते त्या रेषेच्या बरंच वर, बारीक आणि सुटी अक्षरं लावा, म्हणजे मधल्या जागेतून भिंत वाळत राहील. अख्खी भिंत झाकणारं चित्र अशा ठिकाणी कुणी लावून देतो म्हणाला तरी घेऊ नका.

८. चिपळूणला आमच्या दुकानात २०२१ च्या पुराचं पाणी शिरलं होतं. भिंत आता कोरडी दिसते. लावू का?

२२ जुलै २०२१ ची रेषा अजून कित्येक भिंतींवर दिसते, त्यामुळे हा प्रश्न वरचेवर येतो. त्यानंतर गिलावा खरवडून नवा केला असेल तर ती साधी भिंत समजा. फक्त धुऊन वर रंग काढला असेल, तर गाळ आणि क्षार आत आहेत आणि दर पावसात पुन्हा ओले होतात. प्लास्टिकची चाचणी (प्रश्न ७) उन्हाळ्यात न करता ऑगस्टमध्ये करा.

९. घरच्या घरी लावायची पद्धत सांगा.

भिंत कोरड्या सुती फडक्याने पुसा, मग जेमतेम ओल्या फडक्याने, आणि दोन तास वाळू द्या. फिनेल, साबण, स्प्रे यातलं काही नको. त्यांचा थर राहतो. कोळिष्टकं आणि माशांचे डाग आधी काढा, मॅट व्हिनाइलखाली मोहरीएवढा खडाही दिसतो.

अक्षरांचा कागद टेपसकट भिंतीवर धरून मास्किंग टेपने तात्पुरता चिकटवा. चार पावलं मागे जा आणि पाहा. समाधान झालं की मधोमध उभी मास्किंग टेपची पट्टी लावा, वरपासून खालपर्यंत. ही झाली बिजागरी. आता डावा अर्धा भाग पुस्तकाच्या पानासारखा उलटा करा, मागचा कागद सोलून मध्यापर्यंत कात्रीने कापून टाका, आणि प्लास्टिकच्या पट्टीने मध्यापासून बाहेर दाबत दाबत परत भिंतीवर आणा. मग मधली बिजागरी काढून उजवा भाग तसाच.

सगळं बसल्यावर पट्टीने पुन्हा एकदा जोरात घासा. दहा-पंधरा मिनिटं थांबा. टेप काढताना ती भिंतीला लागून, स्वतःवरच दुमडत, हळू ओढा. सरळ स्वतःकडे ओढलीत तर अक्षरं सोबत येतात. एखादं उचललं तर टेप परत खाली घेऊन ते अक्षर अंगठ्याने दाबा. लांब नावाला दोन माणसं लागतात. एकट्याने पाच फुटांची ओळ लावायला जाऊ नका.

१०. काचेवर साबणाचं पाणी मारून लावतात. तसं भिंतीवर करू का?

नको. काच पाणी पीत नाही म्हणून ते पट्टीने बाहेर ढकलता येतं. रंगवलेली भिंत ते शोषून घेते, कागदी टेप भिजून लगदा होते, आणि साबण गोंदाखाली राहतो. भिंतीवर नेहमी कोरडंच.

११. मुंबईहून कापून आणलेली मराठी अक्षरं शिरोरेषेतच तुटलेली निघाली. असं का होतं?

कापणाऱ्याने अक्षरं वेल्ड केली नव्हती, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये एकमेकांत जोडून एकसंध केली नव्हती. तिथे प्रत्येक अक्षराची शिरोरेषा वेगळी असते आणि शेजारच्या अक्षरावर थोडी चढलेली असते. छापताना ते कळत नाही. प्लॉटर मात्र प्रत्येक आकाराच्या कडेवरून पातं फिरवतो, म्हणून जिथे दोन शिरोरेषा एकमेकींवर येतात तिथे चीर पडते. काना आणि वेलांटी शिरोरेषेला टेकतात तिथेही तेच. इंग्रजी अक्षरं सुटी असल्यामुळे ज्याला रोज इंग्रजीच कापायची सवय आहे त्याच्या हे लक्षातच येत नाही.

वेल्ड केलं की अख्खा शब्द एकसंध कापला जातो, आणि मग तीच शिरोरेषा आपल्या कामाला येते: शब्द एका तुकड्यात उचलला जातो, अक्षरांमधलं अंतर बिघडत नाही. आमच्या मते देवनागरी लावायला रोमनपेक्षा सोपी आहे, नीट कापलेली असेल तर. कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये वेल्डऐवजी कंबाइन दाबलं, तर जिथे दोन आकार चढले होते तिथे भोक पडतं. कापण्यापूर्वी फाइल फक्त रेषांमध्ये पाहा.

बारीक तुकड्यांचीही काळजी घ्या. अनुस्वार, विसर्ग, चंद्रबिंदी हे शिरोरेषेपासून सुटे असतात. पाच मिलिमीटरपेक्षा लहान टिंब पहिल्या पुसण्यात जातं आणि ‘आंबा’चा ‘आबा’ होतो. जाडीत फारसा फरक नसलेला, थोडा ठळक फॉन्ट घ्या. मुक्त आणि बालू हे दोन फुकट मिळतात आणि छान कापले जातात. बोरूच्या वळणाची निमुळती टोकं दिसायला सुंदर, पण दमट हवेत सगळ्यात आधी तीच उचलतात.

मजकूर जुन्या श्री-लिपी फॉन्टमध्ये असेल तर पीडीएफ करून पाठवा, नाहीतर आमच्याकडे उघडल्यावर तो वाचता येत नाही. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड मजकुराची जोडाक्षरं फुटतात आणि पहिली वेलांटी पुढच्या अक्षरावर जाऊन बसते. आम्ही पाठवलेलं प्रूफ घरातल्या दोघांनी मोठ्याने वाचा. आमच्या डोळ्यांना तेच तेच पाहून चूक दिसेनाशी होते.

१२. ल आणि श हिंदी वळणाचे आले, ते बदलता येतील का?

येतील, आणि सांगायला लाजू नका. आम्हालाही तेच खुपतं. पाकळीचा ल आणि देठाचा श हीच मराठीची वळणं. काही फॉन्टांमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडली की ती आपोआप येतात. बाकीच्यांत फॉन्टच बदलावा लागतो.

१३. अक्षर किती मोठं हवं?

दहा फुटांवरून वाचायला एक इंच, असा धंद्यातला ढोबळ हिशेब आहे. देवनागरीत तो शिरोरेषेपासून पायापर्यंत धरा, मात्रा-उकार सोडून. तीस फुटांच्या वर्गात मागच्या बाकासाठी तीन इंची अक्षर, म्हणजे मात्रा-उकारांसकट ओळीला पाच इंच जागा.

१४. जुन्या घरात लेव्हल लावून नाव बसवलं, तरी वाकडं दिसतं.

कारण घर वाकडं आहे. डोळा लेव्हलच्या बुडबुड्याशी तुलना करत नाही, जवळच्या रेषेशी करतो. ओटीवर वर तुळई किंवा दाराची चौकट असेल, तर तिच्यापासून दोन्ही टोकांना सारखं अंतर मोजा. जवळ रेषा नसेल, मोकळी भिंत असेल, तर मात्र लेव्हलच खरी.

१५. लावल्यावर बुडबुडे राहिले / कडा उचलायला लागल्या. काय करू?

बुडबुड्याला कडेजवळ बारीक सुई तिरपी टोचा आणि बोटाने हवा भोकाकडे ढकला. चिरू नका, चीर पुढे उघडते.

कडा कुठे उचलतायत ते पाहा. फक्त टोकं उचलली तर हेअर ड्रायरने किंचित कोमट करून दाबा, बहुधा बसतात. सगळीकडून उचलत असतील तर मागचा गोंद पाहा. पांढरी भुकटी दिसली तर प्रश्न ४, ओलसर असेल तर प्रश्न ७, रंगाचं साल असेल तर प्रश्न ५. फेव्हिकॉल किंवा इन्स्टंट गोंद लावू नका. तो रंग विरघळवतो किंवा कडक होऊन डाग ठेवतो, आणि पुढे ना अक्षर नीट निघत ना भिंत वाचत.

१६. काढताना रंग निघतो. आणि काढल्यावर अक्षराचा ठसा का राहतो?

ड्रायरने हात सोसेल इतपत गरम करा, कोपरा नखाने उचला, आणि टेपसारखंच भिंतीला लागून मागे दुमडत हळू ओढा. थांबून थांबून, गरम करत. गोंद राहिला तर बोटाने गोळा करून काढा. थिनर लावलात तर इमल्शन मऊ होतं. भाड्याच्या घरात लावताना हे सगळं आधीच नमुन्यावर (प्रश्न ४) करून पाहा.

ठसा बहुतेक वेळा भिंतीचाच असतो. आजूबाजूचा रंग उन्हाने उडालेला, धुराने मळलेला, आणि अक्षराखालचा पहिल्यासारखा. त्याला भिंतच पुन्हा रंगवावी लागते.

१७. होमस्टेची आतली भिंत उघड्या चिऱ्याची आहे. नाव तिच्यावर हवं.

चिऱ्यावर थेट नाही. गोंद फक्त उंचवट्यांना टेकतो, खळग्यांवर फिल्म अधांतरी राहते. लाकडाची पॉलिश केलेली फळी घ्या, तिच्यावर अक्षरं लावा आणि फळी टांगा. फणसाच्या फळीवर पांढरी मॅट अक्षरं फार देखणी दिसतात. जाड टेक्स्चर पेंटलाही हेच लागू.

१८. देवघरात आणि स्वयंपाकघरात चालेल का?

देवघरात चालेल, पण समई आणि निरांजनाच्या ज्योतीपासून लांब. पीव्हीसी आचेने आक्रसतं, आणि धूप-उदबत्तीची काजळी अक्षराच्या कडेला धरते. स्वयंपाकघरात शेगडीमागची भिंत सोडून द्या. तिथे तेलाची वाफ गोंदापर्यंत जाते.

१९. पुसायचं कशाने?

कोरड्या मऊ फडक्याने, शिरोरेषेच्या दिशेने.

२०. पिंगुळीच्या चित्रकथीतलं किंवा वारली चित्र कापून द्याल का?

वारलीच्या काटकुळ्या रेषा दोन मिलिमीटरच्या खाली गेल्या की सोलताना तुटतात, म्हणून चित्र मोठं करावं लागतं. चित्रकथीत रंगांचे अनेक थर असतात. एकरंगी कापल्यावर तिच्यातलं फार थोडं उरतं. आणि कुणाच्या हातचं चित्र असेल तर त्यांना विचारल्याशिवाय आम्ही ते कापत नाही. पिंगुळीला जा, ठाकर कलाकारांकडून चित्रच विकत घ्या आणि चौकटीत लावा. खाली नावाची ओळ आम्ही करून देऊ.

२१. आमची भिंत चुन्याची आहे, बदलणार नाही, आणि अक्षरं तरी सुबक हवीत. काहीच मार्ग नाही का?

आहे. अक्षरं उलटी कापून घ्या, म्हणजे अक्षराची जागा रिकामी आणि भोवतीचं व्हिनाइल शिल्लक. तो झाला स्टेन्सिल. भुकटी पुसून तो भिंतीवर लावा. त्याला तासभरच धरायचं असतं, तेवढं तो चुन्यावरही धरतो. आधी रिकाम्या जागेच्या कडांवरून भिंतीचाच चुना पातळ हाताने फिरवा, म्हणजे झिरपलं तर भिंतीचाच रंग झिरपेल. तो वाळला की गेरू किंवा हवा तो रंग जवळजवळ कोरड्या ब्रशने, टोचत टोचत भरा. दुसरा हात ओला असतानाच व्हिनाइल काढा. वाळल्यावर काढलंत तर कडा फाटतात.